‘देवाचं राज्य’ जगणं म्हणजे काय? मूल्यांवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी



पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं, आणि गाईड विचारतात, "विषय काय घेताय?" मग आपल्यापैकी बरेच जण एक ठरलेलं शीर्षक घेऊन जातात: "अमुक धर्मातील मूल्ये: एक चिकित्सक अभ्यास". शीर्षक भारदस्त वाटतं, पण संशोधन समितीसमोर पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. प्रश्न साधा असतो: "ही मूल्यं तुम्हाला दिसणार कुठं?"

आजचा लेख या एका प्रश्नावर आहे. उदाहरण म्हणून मी ख्रिस्ती धर्मातली एक मध्यवर्ती कल्पना घेतली आहे: देवाच्या राज्याची मूल्यं रोजच्या जगण्यात आणणं. तुमचा विषय वारकरी समतेचा असेल, बौद्ध मैत्रीचा असेल किंवा नांदेडच्या हुजूर साहिबमधल्या लंगरसेवेचा असेल, तरी अडचण हीच येणार आहे. श्रद्धा माणसाच्या मनात असते आणि संशोधकाला मनात शिरता येत नाही. त्याला माणसाचं बोलणं, वागणं आणि मागं राहिलेली कागदपत्रं एवढंच मिळतं. तेवढ्यावरून मूल्यापर्यंत पोचायचं कसं, ते आपण टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. आधी शब्द फोडून पाहा

कोणत्याही मूल्यसंकल्पनेवर काम करताना पहिलं काम शब्दाचं. ‘देवाचे राज्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एखादा प्रदेश येतो: सीमा, राजधानी, सिंहासन. मराठवाड्यात तर ‘राज्य’ म्हटलं की निजामाची आठवण हमखास निघते. पण नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘बासिलेइया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ प्रदेशापेक्षा ‘सत्ता चालणं’, ‘राज्य करणं’ असा जास्त आहे. म्हणजे देवाची इच्छा जिथं चालते, तिथं त्याचं राज्य आहे. त्याला नकाशा नाही. एखाद्या घरात ते असू शकतं आणि शेजारच्या घरात नसू शकतं.

दुसरी गोष्ट. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ‘देवाचे राज्य’ हा शब्दप्रयोग आहे, तर मत्तयामध्ये बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ आहे. बरेच अभ्यासक याचं कारण असं देतात की ज्यू परंपरेत देवाचं नाव सरळ घेणं टाळतात, आणि मत्तयाचा वाचक त्या परंपरेतला होता. हे माहीत नसलेला विद्यार्थी ‘स्वर्गाचे राज्य’ वाचून ‘मेल्यानंतरचा स्वर्ग’ असा अर्थ घेतो. तिथंच त्याचा विषय पृथ्वीवरून निसटतो.

तिसरी गोष्ट काळाची. हे राज्य येणार आहे की आलेलं आहे? विसाव्या शतकात यावर मोठा वाद झाला. अल्बर्ट श्वाइट्झर यांचा भर ‘ते लवकरच येणार’ या अपेक्षेवर होता. सी. एच. डॉड यांनी ‘येशूच्या कार्यात ते आलंच आहे’ अशी मांडणी केली. पुढं अनेकांनी मधला मार्ग काढला: ते सुरू झालंय, पण पूर्ण झालेलं नाही. मोहरीचा दाणा पेरला गेलाय, झाड व्हायचंय. हा वाद धर्मशास्त्राचा आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. ‘येणार’ म्हणणारा माणूस वाट पाहतो, ‘सुरू झालंय’ म्हणणारा कामाला लागतो. श्रद्धेतला एवढासा फरक वागण्यात फार मोठा होतो.

आपल्या मातीतही ‘येणाऱ्या राज्या’ची कल्पना आहेच. दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो असं आपल्या आया-बहिणी ओवाळताना म्हणतात. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त येशूला बळीच्या परंपरेत बसवलं. स्वतः ख्रिस्ती न होता त्यांनी ते केलं, हे ध्यानात ठेवा. म्हणजे मराठीत ‘देवाचं राज्य’ हा शब्द कोऱ्या पाटीवर आलेला नाही. ऐकणाऱ्याच्या मनात बळीचं राज्य, रामराज्य आणि निजामाचं राज्य आधीपासून बसलेलं होतं. तुमच्या प्रबंधात संकल्पनेचा इतिहास लिहाल तेव्हा हा भाग सोडू नका.

२. मूल्यापासून दर्शकापर्यंत

शब्द समजला. आता त्यातून ‘मूल्यं’ काढायची. येशूचे दाखले आणि डोंगरावरचं प्रवचन (मत्तय, अध्याय 5 ते 7) वाचलं की काही गोष्टी वारंवार येतात: गरिबाला पहिलं स्थान, शत्रूलाही क्षमा, संपत्तीविषयी अनासक्ती, मोठेपण म्हणजे सेवा, आणि परक्याला आपल्यात जागा. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशी काय विचारलं जाईल याची यादीच आहे: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. या यादीत ‘तू कोणती प्रार्थना म्हटलीस’ हा प्रश्न नाही. संशोधकाच्या दृष्टीनं ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण या सहाही गोष्टी डोळ्यांनी दिसणाऱ्या आहेत.

कोर्सवर्कमध्ये आपण ‘कार्यात्मक व्याख्या’ शिकतो. ती नेमकी इथं लागते. ‘समता’ हा शब्द मोजता येत नाही. पण ‘एका पंगतीत जेवतात का, एका हंड्यातलं पाणी पितात का, लग्नं जुळवताना जात विचारतात का’ हे प्रश्न विचारता येतात. ‘करुणा’ मोजता येत नाही, पण ‘दुष्काळात दार कुणासाठी उघडलं आणि कुणासाठी बंद राहिलं’ हे तपासता येतं. अशा दिसणाऱ्या खुणांना दर्शक म्हणतात.

एक दाखला घेऊन पाहू. मत्तयाच्या 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो सकाळी काही मजूर लावतो, दुपारी काही, आणि दिवस कलताना आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. आता हा दाखला हिमायतनगरच्या शिवारात आणा. इथं रोजंदारी आहे, गुत्तं आहे, सालगडी आहे. कापूस वेचायला बाई येते तिला किलोवर पैसे मिळतात. म्हातारी वेचते कमी, तिला मिळतं कमी. दाखल्यातला मालक विचारतो त्याचा मराठवाडी अर्थ असा: संध्याकाळी त्या म्हातारीच्या घरीही चूल पेटायची आहे ना? हिशेबाचा न्याय आणि गरजेचा न्याय यांतली ही ओढाताण आहे. एखादा ख्रिस्ती शेतकरी आपल्या सालगड्याला आजारपणातले खाडे कापतो की नाही, हा तुमच्या अभ्यासाचा दर्शक होऊ शकतो. चर्चला तो महिन्यातून किती वेळा जातो, यापेक्षा हा दर्शक कितीतरी जास्त बोलतो.

दर्शक निवडताना मी एक कसोटी लावतो: या वागण्याची किंमत कुणी मोजली? ज्या वागण्यानं काहीच गमवावं लागत नाही, ते सवयीनंही होतं, लोकलाजेनंही होतं. पण माणूस पैसा, मान, आप्त किंवा सुरक्षितता सोडून एखादी गोष्ट करतो, तेव्हा तिच्यामागं मूल्य असण्याची शक्यता वाढते. ‘शक्यता वाढते’ एवढंच म्हणतोय, सिद्ध होत नाही. हट्टापायीही लोक किंमत मोजतात. म्हणून एका पुराव्यावर थांबायचं नाही.

३. एक प्रत्यक्ष प्रकरण: पंडिता रमाबाई

आता ही पद्धत मराठीतल्या एका परिचित आयुष्याला लावून पाहू. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. संस्कृत पंडिता म्हणून कीर्ती झाली, 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं साक्ष दिली, 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. पुढं अमेरिकेत जाऊन पैसा आणि मित्र जमवले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं.

आपला प्रश्न चरित्र सांगणं हा नाही. प्रश्न असा: देवाच्या राज्याची मूल्यं त्यांच्या वागण्यात कुठं दिसतात, आणि किंमत कुठं मोजली गेली?

पहिली जागा: धर्मातल्याच वरिष्ठांशी झालेला वाद. इंग्लंडमध्ये ज्या भगिनीसंघाकडं त्या राहिल्या, तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार आहे आणि तो 1977 मध्ये पुस्तकरूपानं छापला गेला. त्यात रमाबाई काही धर्मसिद्धांत मान्य करायला तयार नाहीत, आपला आहार सोडायला तयार नाहीत, आणि आपल्या विवेकावर कुणा माणसाचं राज्य मानायला तयार नाहीत. ज्यांच्या घरी आसरा घेतला त्यांनाच ‘नाही’ म्हणणं सोपं नव्हतं. देवाचं राज्य मानणारा माणूस मिशनचं राज्य मानेलच असं नाही, हा मुद्दा इथं कागदावर सापडतो.

दुसरी जागा: दार कुणासाठी उघडं होतं. शारदा सदन सुरू झालं ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. 1887 मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं गाजलेलं पुस्तकही उच्चजातीय हिंदू स्त्रीविषयीच होतं. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडजवळच्या केडगावला, संस्थेच्या शेतजमिनीवर न्यावं लागलं. तेच मुक्ती सदन. पुढच्या, म्हणजे 1899-1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी माणसं आली आणि केडगावची वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. या मुली अनेक जातींच्या होत्या.

संशोधक म्हणून इथं थांबा. 1889 चं दार आणि 1897 चं दार सारखं नाही. लाभार्थी बदलले. म्हणजे मूल्य आधी पूर्ण तयार होतं आणि मग आचरणात आलं, असं झालेलं दिसत नाही. प्रसंग आला, दार रुंद झालं, आणि मूल्यही त्यासोबत रुंद झालं. ‘मूल्य आधी, कृती नंतर’ हे गृहीतक घेऊन तुम्ही निघाला असाल तर हे प्रकरण तुम्हाला ते तपासायला लावेल.

तिसरी जागा: हातात काय दिलं. केडगावला शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय होती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी जुळवलं, छापलं. 1922 मध्ये त्या वारल्या, संपूर्ण बायबल त्यानंतर छापून पूर्ण झालं. दया करणारा माणूस भाकरी देतो. दुसऱ्याला आपल्या बरोबरीचा मानणारा माणूस भाकरीबरोबर खिळे जुळवायला शिकवतो. ‘सेवा’ आणि ‘समता’ यांचे दर्शक वेगळे का ठेवायचे, ते इथं कळतं.

४. उलट बाजूचा पुरावा दाबू नका

इथपर्यंत लिहून प्रकरण संपवलं तर तो गौरवग्रंथ होईल. प्रबंध व्हायचा असेल तर उलट पुरावा समोर आणावा लागतो.

शारदा सदनात धर्मप्रचार होणार नाही, अशी भूमिका सुरुवातीला घेतली होती. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात आली. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडं झाला, आणि 1893 मध्ये वाद पेटला. ‘केसरी’नं कडक टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावलं नाही, पण माझ्या खोलीचं दारही बंद केलं नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की आश्रयाला आलेल्या पोरीसमोर उघडं दार हीसुद्धा एक ओढ असते.

दुष्काळातल्या मुलींबद्दल हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ज्या मुलीला अन्न दिलं, जिला जगवलं, तिनं घेतलेला धर्म किती मोकळेपणानं घेतला? त्याच वेळी दुसरा प्रश्नही टाळता येत नाही: त्या मुलींना रस्त्यावर मरू देणाऱ्या समाजाला हा प्रश्न विचारण्याचा किती अधिकार होता? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊन टाकावीत अशी अपेक्षा नाही. ते दोन्ही प्रश्न तुमच्या प्रकरणात जिवंत राहिले पाहिजेत, आणि प्रत्येकाला कोणता कागद आधार देतो ते सांगता आलं पाहिजे.

व्यवहारात याचा अर्थ असा की एकाच घटनेचे निदान तीन बाजूंचे कागद वाचा. 1893 साठी एक बाजू रमाबाईंची पत्रं आणि लेखन, दुसरी पुण्यातली वर्तमानपत्रं, तिसरी पैसा देणाऱ्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनचे वार्षिक अहवाल. अहवाल वाचताना एक गोष्ट विसरू नका: तो देणगीदारांसाठी लिहिलेला असतो. त्यात यश ठळक होतं आणि भांडणं बारीक अक्षरात जातात.

आणि चौथी बाजू, जी बहुतेक वेळा सापडतच नाही: त्या मुली स्वतः काय म्हणत होत्या? केडगावला आलेल्या शेकडो मुलींपैकी फार थोड्यांचा आवाज कागदावर आहे. ही उणीव प्रबंधात स्पष्ट लिहा. जे बोलले नाहीत त्यांच्या वतीनं आपण बोलायचं नाही.

५. घरातलं राज्य: टिळक पती-पत्नी

रमाबाईंचं काम संस्थेचं होतं. पण मूल्यं घरात, चुलीपाशी जगली जातात तेव्हा पुरावा कुठून आणायचा? मराठीत याचं उत्तर आपल्याकडं आहे: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात सोवळं-ओवळं, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे सगळं त्यांच्या मनात कसं उलगडत गेलं, ते त्यांनी कमालीच्या प्रांजळपणे आणि विनोदानं लिहिलं आहे. ‘समता’ या शब्दाचा दर्शक म्हणून पाण्याचा तांब्या घ्यायचा असेल तर यापेक्षा चांगलं साधन मिळणं अवघड. आणि लक्षात येतं ते हे की जातीची भिंत बाप्तिस्म्याच्या पाण्यानं एका दिवसात पडत नाही. ती विटेविटेनं काढावी लागते.

पण इथंही साधनचिकित्सा हवीच. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. म्हणजे 1895 च्या घटनेवर साधारण चार दशकांनंतरची आठवण आहे. आठवण सांगणारी बाई तोवर बदललेली आहे. ती आपल्या जुन्या सोवळ्याकडं हसून पाहते, कारण ती पलीकडं पोचली आहे. त्या वेळी तिला हसू आलं असेल का, हा वेगळा प्रश्न.

टिळकांच्या आयुष्यातलं 1917 हे वर्षही आपल्या कामाचं. या वर्षी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत ही कल्पना. नाव नीट पाहा. ‘चर्च’ नाही, ‘मिशन’ नाही, ‘दरबार’. देवाच्या राज्याला मराठी माणसाला कळेल असं रूप देण्याचा तो प्रयत्न होता. पगार गेला, सुरक्षितता गेली. 1919 मध्ये टिळक वारले आणि प्रयोग फार पुढं जाऊ शकला नाही. तो ‘फसला’ असं लिहून मोकळं होऊ नका. किती काळ टिकला हा एक मापदंड झाला. कोणता प्रश्न उभा करून गेला हा दुसरा. देवाच्या राज्याची सीमा आणि चर्चच्या सदस्यत्वाची सीमा एकच आहे का, हा प्रश्न त्या दोन वर्षांनी मराठीत रोखठोक विचारला.

६. आता आपल्या तालुक्यात

समजा, तुम्ही हिमायतनगर, हदगाव, भोकर, किनवट या पट्ट्यात क्षेत्रकार्य करणार आहात. काही गोष्टी आधीच ध्यानात घ्या.

भाषा: हा सीमेचा मुलूख. एका बाजूला तेलंगण, पैनगंगेपलीकडं विदर्भ. मराठीसोबत तेलुगू, गोरमाटी, गोंडी, उर्दू कानावर पडते. ‘देवाचं राज्य’ याला तुमचा माणूस घरात कोणता शब्द वापरतो ते विचारा. छापील बायबलातला शब्द आणि चुलीजवळचा शब्द वेगळा असेल तर तो फरकच तुमचं निरीक्षण आहे.

कागद: 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. जुने सरकारी कागद शोधायचे तर पुण्या-मुंबईसोबत हैदराबादचाही विचार करावा लागतो, आणि उर्दू वाचणारा सोबती लागतो. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची पाठराखण करणाऱ्या बोर्डाचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. 1842 मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ हे मराठीतलं मोठं साधन. शोधगंगेवर आधीचे प्रबंध पाहून मगच विषय पक्का करा.

सर्वांत नाजूक गोष्ट: ओळख. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हे आरक्षण आधी फक्त हिंदूंना होतं. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम आजही बाहेर आहेत. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाचा अहवाल आला, 2022 मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. याचा सरळ परिणाम तुमच्या कामावर होतो. जनगणनेत ‘ख्रिस्ती’ आणि ‘अनुसूचित जाती’ हे दोन रकाने एका माणसाला एकत्र लागूच होत नाहीत. त्यामुळं जिल्ह्याचा आकडा बघून ‘इथं ख्रिस्ती नगण्य आहेत’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

त्याहून मोठा धोका माणसाला आहे. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या पण कागदावर वेगळी नोंद असणाऱ्या कुटुंबाकडं तुम्ही प्रश्नावली घेऊन गेलात आणि ‘नाव, जात, धर्म’ एकाच पानावर लिहून घेतलंत, तर त्या पोराची शिष्यवृत्ती, त्या पोरीची नोकरी, वादाचा विषय होऊ शकते. तुमचा तक्ता सुंदर होईल आणि त्यांचं घर अडचणीत येईल. म्हणून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या ठिकाणी ठेवा. गाव लहान असेल तर गावाचं नावही बदला, कारण ‘तांड्यावरची एकमेव नर्स’ लिहिलं की सगळ्या तालुक्याला कळतं. जो प्रश्न तुमच्या उद्दिष्टाला लागत नाही, तो विचारूच नका. आणि संमती घेताना ‘मध्येच उठून जाऊ शकता’ हे तोंडी, त्यांच्या भाषेत सांगा.

आणखी एक. पहिली ओळख बहुधा पाळक करून देतील. ते सज्जनपणे चांगली, बोलकी कुटुंबं दाखवतील. त्यांच्याशी बोला, पण तिथं थांबू नका. शेजारी, सालगडी, दुकानदार, सोडून गेलेला सदस्य यांच्याशीही बोला. माणूस मूल्यं जगतो की नाही हे त्याच्यापेक्षा त्याच्याकडं राबणाऱ्याला जास्त नीट ठाऊक असतं. "तुम्ही क्षमा करता का?" या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी विचारा, "भावकीत शेवटचं भांडण कधी झालं? मग पुढं काय झालं?" उत्तरातून क्षमा असेल तर ती आपोआप दिसेल.

७. आराखड्यात हे कसं बसवायचं

एवढं सगळं सिनॉप्सिसच्या चार-पाच पानांत बसवायचं असतं. क्रम असा ठेवा:

- शीर्षकात ‘मूल्ये’ हा मोघम शब्द ठेवू नका. एक किंवा दोन मूल्यं निवडा, काळ आणि जागा ठरवा. उदाहरणार्थ: ‘अमुक तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबांमधील समता व क्षमा: दैनंदिन व्यवहारांचा अभ्यास’.
- संकल्पनेची व्याख्या धर्मग्रंथातून द्या, पण कार्यात्मक व्याख्या व्यवहारातून द्या. दोन्हींमधला पूल दोन-तीन वाक्यांत समजावून सांगा.
- प्रत्येक मूल्याला तीनच दर्शक घ्या. दहा घेतले तर एकही धड तपासला जात नाही.
- उलट पुरावा कसा शोधणार ते आधीच लिहा. ‘कोणती गोष्ट दिसली तर माझं गृहीतक चुकीचं ठरेल?’ याचं उत्तर नसेल तर ते गृहीतक नाही, ती श्रद्धा आहे.
- नैतिक काळजीचा वेगळा मुद्दा ठेवा. एका ओळीत उरकू नका.
- स्वतःची जागा सांगा. तुम्ही ख्रिस्ती असाल तर तसं, नसाल तर तसं. आतल्याला दार लवकर उघडतं पण उणं दिसत नाही. बाहेरच्याला उणं पटकन दिसतं पण त्याला दारातच बसवतात. दोन्हींचे फायदे-तोटे असतात, लपवण्यासारखं काही नाही.

व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो: "हे तर इतर धर्मांतही आहे, मग यात ख्रिस्ती काय?" घाबरू नका. भुकेल्याला जेवू घालणं लंगरातही आहे, वारीतही आहे. फरक बहुतेक वेळा कृतीत नसून माणूस त्या कृतीला जोडत असलेल्या कारणात असतो. कृती तुम्ही निरीक्षणातून नोंदवाल, कारण मुलाखतीतून मिळेल. दोन्ही शेजारी ठेवलेत की उत्तर तयार होतं. आणि कृती सारखीच निघाली, तर तो तुमच्या प्रबंधाचा पराभव समजू नका. मराठवाड्यासारख्या ठिकाणी तो एक महत्त्वाचा निष्कर्ष ठरेल.

या आठवड्यात एक काम करून पाहा. तुमच्या विषयातलं एकच मूल्य घ्या. ते तुमच्या गावात ज्या वागण्यातून दिसतं अशा तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढं लिहा: याची किंमत कुणी मोजली, हे मला कोण सांगू शकेल, आणि ते सांगितल्यामुळं त्याचं काही नुकसान होईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर आधी त्यावर उपाय शोधा आणि मगच मुलाखतीची वही उघडा.

शुभेच्छा!